मी खोलीत नव्हतो

माझ्या वडिलांना कुशीवर वळवायला दोन माणसं लागत होती. त्यातलं दुसरं माणूस मी होतो. मी खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. आईला सांगावं लागलं नाही, तिला न सांगताच कळायचं.

बडोद्यातलं एक खासगी हॉस्पिटल. नाव सांगत नाही. तेव्हा नवं होतं. काचेचे दरवाजे, खाली एसी, कुंड्यांत प्लास्टिकची झाडं. त्या वर्षांत असली हॉस्पिटलं शहरात एकामागून एक उभी राहत होती. मी तिथं दुसऱ्या मजल्यावर नर्स होतो. त्याच मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत आबा, माझे वडील, खुब्याचं ऑपरेशन होऊन पडलेले. लहरीपुऱ्याच्या दरवाज्यापाशी स्कूटर घसरली होती. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा काढून नवा बसवला होता.

ऑपरेशननंतरचा तिसरा दिवस. चार वाजता भेटायची वेळ. तीन वाजता मी आबांचं अंग पुसून काढलं. पाठीला पावडर लावली. दार लावलेलं असलं की आबा मला सगळं करू द्यायचे. फक्त डोळे मिटून घ्यायचे. एकदा, डोळे मिटलेलेच, म्हणाले होते, "तुझा हात हलका आहे." ते ऐकून मला किती बरं वाटलं होतं, सांगता येत नाही. आयुष्यात त्यांनी माझं केलेलं तेवढंच कौतुक.

त्या दिवशी चादर ओढून घेतली तेव्हा ते म्हणाले, "तात्या येणार आहेत. त्यांच्यासमोर मला हात लावायचा नाही."

मी म्हटलं, "बरं."

"आणि तो कोट घाल."

मी बरं म्हटलं. हेच मला आज जास्त लागतं. त्यांनी सांगितलं ते लागतंच, पण मी "का?" असंही विचारलं नाही. गेलो आणि कोट घालून आलो.

त्या कोटाचं सांगायला हवं. पुरुष नर्सना हॉस्पिटलनं आकाशी शर्ट दिले होते. पांढरा कोट लॅबमधल्या एकाचा होता, नोकरी सोडताना टाकून गेलेला. तो मी माझ्या लॉकरमध्ये ठेवला होता. घरी जायच्या आधी, कुणी ओळखीचं येणार असेल तर, नातेवाइकांच्या गर्दीतून जायचं असेल तर, मी तो अंगावर चढवायचो. लोक "डॉक्टरसाहेब" म्हणायचे. मी नाही म्हणायचो नाही.

आमचं घराणं शिलेदाराचं. पणजोबा राजाच्या फौजेत, आजोबा राजवाड्याच्या पहाऱ्यावर. पुढं घोडा गेला, पहारा गेला, आबा एका गिरणीत टाइमकीपर झाले आणि गिरणीही बंद पडली. राहिलं काय, तर दसऱ्याला फेटा बांधून नातेवाइकांकडं सोनं द्यायला जाणं. तिथं एकमेकांच्या पोरांची चौकशी व्हायची. आबांचे मोठे भाऊ, आमचे तात्याकाका, कोयलीच्या रिफायनरीत मोठ्या पदावर. त्यांचे दोन्ही मुलगे इंजिनियर. एका दसऱ्याला त्यांनी आबांना विचारलं, "तुझा काय करतो रे?" मी शेजारीच बसलो होतो. आबा म्हणाले, "हॉस्पिटलात साहेब आहे." माझ्याकडं बघितलं नाही. मीही आपट्याची पानं खिशात सारत राहिलो.

नर्सिंगला मी हौसेनं गेलो नव्हतो. बारावीला मार्क कमी पडले, नर्सिंगला जागा मिळाली. वर्गात मुली सगळ्या, आम्ही मुलगे दोन. पहिल्या वर्षाच्या शेवटी शपथेचा कार्यक्रम असायचा. एकेक मुलगी स्टेजवर जायची, मोठ्या सिस्टर तिच्या डोक्यावर पांढरी टोपी पिनांनी लावायच्या, हातात दिवा द्यायच्या. टाळ्या. आम्हा दोघांसाठी टोपी नव्हती. पुरुषाच्या डोक्यावर काय ठेवायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं. नुसता दिवा हातात दिला. पाहुण्यांमधून कुणीतरी गुजरातीत म्हणालं, "आमने घूमटो ओढाडो." यांच्या डोक्यावर पदर घाला. सगळं सभागृह हसलं. आमच्या बाईही हसल्या, मग तोंडावर रुमाल धरला. आबांना मी त्या कार्यक्रमाचं सांगितलंच नव्हतं. ते आले नाहीत याचा मला केवढा आनंद झाला होता.

पुढं मुली सांगून यायच्या. एका ठिकाणी मुलीच्या मामांनी चहा पिता पिता विचारलं, "म्हणजे भांडं वगैरे देता का पेशंटला?" मी म्हटलं, "तसलं काम आमच्याकडं नसतं." ते शौचाचं भांडं त्या सकाळीच मी चारदा दिलं होतं. धुऊन ठेवलं होतं.

हे सगळं मी अपमान म्हणून मनात साठवत गेलो. माझा अपमान. आमच्याबरोबर शिकलेल्या मुलींनाही हेच काम होतं, त्यांना कुणी काय म्हणत असेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा यायचं नाही.

मंजुलाबेन आमच्या मजल्याच्या इनचार्ज सिस्टर. करजणकडच्या एका खेड्यातल्या, वणकरांच्या, म्हणजे विणकर दलितांच्या घरातल्या. अंगानं किरकोळ. पुस्तकातलं मी कॉलेजात शिकलो, हातातलं सगळं त्यांच्याकडून. खुब्याचा पेशंट कसा वळवायचा ते त्यांनी मला शिकवलं होतं. दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी. एकानं खांदा आणि कंबर धरायची, दुसऱ्यानं ऑपरेशनचा पाय उशीसकट उचलून धरायचा. पाय आतल्या बाजूला पडता कामा नये, पडला तर नवा गोळा खोबणीतून निसटतो. खांद्याशी असतो तो मोजतो. एक, बे, त्रण. त्रणला दोघांनी मिळून वळवायचं. आमच्या मजल्यावर मराठी, गुजराती, मल्याळी सगळे होतो, पण मोजणं गुजरातीतच. मंजुलाबेनची तशी सवय, म्हणून सगळ्यांची.

माझ्या लॉकरमधला कोट त्यांना माहीत होता. एकदा मी तो घालून जिन्यात भेटलो तर वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "सारो लागे छे. बटण तुटेलुं छे." चांगला दिसतो, बटण तुटलंय. बाकी काही नाही.

तर तात्या आले. बरोबर काकू आणि तात्यांचे एक दोस्त. मी कोट घालून खिडकीशी उभा. तात्यांनी त्या दोस्ताला माझी ओळख करून दिली, इथले साहेब म्हणून. दोस्तानं हात पुढं केला. मी मिळवला. तेवढ्यात आबांचा चेहरा बदलला. त्यांना जायचं होतं. सकाळपासून पोट साफ झालं नव्हतं, औषध दिलं होतं, ते औषध मीच दिलं होतं. आबांनी माझ्याकडं बघितलं नाही, बेल दाबली.

मंजुलाबेन भांडं घेऊन आल्या. बघितल्याबरोबर समजल्या. दुसरं माणूस हवं. आयाबाई खाली एक्स-रेला गेली होती. त्या सगळ्यांना म्हणाल्या, बाहेर थांबा. मग माझ्याकडं वळल्या.

"भाई, तमे रहो. बे जण जोईए."

तुम्ही थांबा, दोघं लागतात. इतकं साधं. रोज म्हणायच्या तसं.

तात्या दारात थबकले. आधी मंजुलाबेनकडं, मग माझ्याकडं बघितलं आणि हसले. "तो कशाला? तो काय आया आहे काय? चल रे, चहा घेऊ."

मी आबांकडं बघितलं. आबांनी मान भिंतीकडं केली.

मी तात्यांच्या मागून बाहेर गेलो. मंजुलाबेनच्या बाजूनं जाताना माझी बाही त्यांच्या हाताला घासली. दार मीच लोटून घेतलं.

दाराला अर्ध्यावर धुरकट काच होती. आत त्यांची आकृती दिसत होती. त्या थोडा वेळ नुसत्या उभ्या होत्या. कुणी येतंय का बघत असाव्यात. आबांना धीर नव्हता, आतून त्यांचा आवाज आला, "लवकर कर ना, बाई." मग मला मोजणं ऐकू आलं.

"एक."

तात्या काहीतरी गाडीचं बोलत होते.

"बे."

इथं त्या थांबल्या. मी काचेकडं पाठ केली.

"त्रण."

मग आबा ओरडले. हाड सरकलं की माणूस कसा ओरडतो ते मी नोकरीत ऐकलं होतं. त्या आवाजात माझ्या नावाचं पहिलं अक्षर होतं, असं मला आजही वाटतं. नसेलही.

गोळा निसटला होता. आबांना पुन्हा भूल देऊन तो बसवावा लागला. तात्यांनी मजला डोक्यावर घेतला. असल्या असल्या लोकांना भरती कोण करतं, कुठली बाई आहे ही, हिची जात काय, सगळं बोलले. मंजुलाबेन भिंतीशी उभ्या होत्या. एक हात कमरेला. एकटीनं आबांचं वजन पेलताना त्यांच्या पाठीत लचक भरली होती, हे मला त्या उभ्या राहण्यावरून कळलं. मी नर्स होतो, मला कळणारच. मी काही बोललो नाही.

मालक डॉक्टरांना तात्यांनी लेखी तक्रार दिली. मेट्रननं सगळ्यांकडून लिहून घेतलं. मंजुलाबेननी लिहिलं, मदत मागितली होती, मिळाली नाही. कुणाकडं मागितली ते लिहिलं नाही. माझं नाव त्या एका ओळीत बसलं असतं. त्यांनी नाही लिहिलं. मेट्रननं आबांना विचारलं. आबा म्हणाले, "ती एकटीच होती." मग मला बोलावलं. समोर कोरा कागद ठेवला. मी लिहिलं, "त्या वेळी मी खोलीत नव्हतो." खाली सही केली.

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

मंजुलाबेनना ठपका मिळाला. पेशंटला एकटीनं हलवलं, निष्काळजीपणा. इनचार्जपद गेलं. त्यांना तळघरात टाकलं, जिथं कापडाच्या घड्या आणि ऑपरेशनची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करून पाकिटं करतात. पाठ दुखतेय तर बसून काम बरं, असं वर ऐकवलं. आणि दोन महिन्यांनी मजल्याचा इनचार्ज मला केलं. माझ्यापुढं चार सिस्टर होत्या. मालक डॉक्टर म्हणाले, पुरुष असला की नातेवाइकांवर वचक राहतो. ज्या पुरुषपणापायी मला लाज वाटायची, त्यानंच मला वर चढवलं. मी "थँक यू सर" म्हणालो. मंजुलाबेनची खुर्ची, त्यांचं टेबल, टेबलाच्या काचेखाली त्यांच्या अक्षरातली औषधांच्या वेळांची यादी. ती मी काढली नाही. वापरत राहिलो.

त्या वर्षीचा दसरा आमच्या घरी झाला, कारण आबांना बाहेर पडता येत नव्हतं. दुसऱ्यांदा निसटू नये म्हणून त्यांना महिनोन्‌महिने बिछान्यातच जपावं लागलं. तात्या फेटा बांधून आले, आपट्याची पानं दिली, मला मिठी मारली. म्हणाले, "इनचार्जसाहेब! बघ, त्या बाईला हाकललं म्हणून तुझी जागा झाली. माझे उपकार मान." सगळे हसले. आबाही हसले.

मी पण ओठ ताणले. मग हातातली पानं बघितली. म्हणजे मी ज्या कामाची लाज वाटून घेत होतो, ते काम जिनं केलं तिला शिक्षा, आणि ज्यानं टाळलं त्याला सोनं. सभागृहातलं ते हसणं मला आठवलं. इतकी वर्षं मी समजत होतो की ते मला हसले. पदर घाला म्हणाले ते. पदरात हसण्यासारखं काय होतं? स्टेजवर बाकी सगळ्या पदर घेणाऱ्याच होत्या. हसणं त्यांच्यावर होतं, मी फक्त त्यांच्या जागी दिसलो होतो. आणि मीही तेच हसत आलो होतो, लॉकरमधला कोट घालून.

तेवढ्यात आबांना जायचं झालं. आई उठली, मला हळूच म्हणाली, तू पुरुषमाणसांना घेऊन बाहेर बस, मी आणि काकू बघतो. काकू साठीच्या पुढच्या. आईचे गुडघे गेलेले.

मी पानं देवापुढं ठेवली. मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. परत आलो, बाह्या दुमडल्या आणि म्हटलं, "तात्या, मी नर्स आहे. साहेब नाही. हे माझं रोजचं काम आहे. दोन माणसं लागतात. तुम्ही पाय धरा."

तात्या म्हणाले, "अरे, बायका आहेत ना."

"पाय उशीसकट धरा. आत पडू देऊ नका."

तात्यांनी फेटा काढून खुर्चीवर ठेवला. त्यांना कुठं धरायचं कळेना. मी त्यांचे हात धरून जागेवर लावले. मी खांद्याशी गेलो. आबांनी डोळे मिटले नव्हते. सरळ माझ्याकडं बघत होते.

"एक, बे, त्रण," मी म्हटलं आणि वळवलं.

भांडं मी सगळ्यांसमोरून मोरीत नेलं. धुतलं. तात्या फेटा हातातच घेऊन गेले. पुढं आमच्याकडं येणं त्यांनी कमी केलं. त्यानंतर मी कोट घातला नाही, आणि कुठल्याच घरात चहा पिताना खोटं बोललो नाही. लग्न उशिरा झालं, पण मुलीकडच्यांना पहिल्याच बैठकीत कामाचं सगळं सांगून झालं.

ही गोष्ट इथं संपवली असती तर मी बरा दिसलो असतो. बरीच वर्षं मी मनाशी ती इथंच संपवत होतो.

पण त्या दसऱ्याला मी अर्धंच बोललो. मी नर्स आहे हे सांगितलं. मंजुलाबेननी मला थांबायला सांगितलं होतं आणि मी निघून गेलो, हे नाही सांगितलं. ते सांगितलं असतं तर इनचार्जपद गेलं असतं. आबांना ते ठाऊक होतं, ते खोलीतच होते. आम्ही दोघं त्यानंतर बारा वर्षं एका घरात राहिलो. मी त्यांना रोज अंघोळ घातली, शेवटी घास भरवले. तो विषय त्यांनी काढला नाही, मी काढला नाही. ते गेले.

एकदा मी तळघरात गेलो होतो. मंजुलाबेन स्टुलावर बसून कापडाच्या घड्या घालत होत्या, कमरेला पट्टा. वाफेनं चष्मा धुरकटलेला. मी म्हटलं, बेन, त्या दिवशी माझी चूक झाली. त्यांनी घडी पुरी केली. पुढचं कापड घेतलं.

"मने शुं काम कहो छो? ऊपर जईने लखी आपो."

मला कशाला सांगता, वर जाऊन लिहून द्या. आवाज चढवला नाही. मी मान हलवली, जिना चढून वर आलो, मेट्रनच्या खोलीवरून पुढं गेलो आणि माझ्या खुर्चीत बसलो. त्यांच्या खुर्चीत.

त्या ठपक्यासकट त्या निवृत्त झाल्या. निरोपसमारंभाला दोन शब्द बोलायला मला उभं केलं. मी बोललो. कष्टाळू, प्रेमळ, आईसारख्या, असं काय काय. त्या समोर बसून माझ्याकडं बघत होत्या. हार त्यांनी मांडीवर काढून ठेवला होता.

आता मी नर्सिंग कॉलेजात शिकवतो. वर्गात निम्मे मुलगे असतात. छातीवर नर्सिंग ऑफिसर लिहिलेली पट्टी त्यांना आवडते. नर्स म्हटलं की तोंड वाकडं करतात. मी त्यांना रागावतो आणि रागावताना माझी मलाच चीड येते, कारण लॉकरमधल्या कोटाचं मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. खुब्याचा पेशंट वळवायला शिकवतो तेव्हा गुजरातीतच मोजतो. कुणाकडून शिकलो ते नाव घेत नाही. या वर्षी पहिल्या तासाला ते नाव घेणार आहे. आणि ती दुपार सांगणार आहे, दार कुणी लोटलं तेही.

पण तेवढ्यानं भागत नाही. हे मी मराठीत लिहितोय. मंजुलाबेनना मराठी वाचता येत नाही. ज्या फायलीत त्यांचा ठपका आहे, तिच्यात मराठी कागद चालत नाही. म्हणजे इथंही मी सोयीची जागा शोधली आहे, हे मला कळतं.

मी देणं लागतो ते एका कागदाचं. गुजरातीत लिहिलेला, माझ्या पूर्ण नावाचा, माझ्या सहीचा. त्यावर हे हवं की त्यांनी मला थांबायला सांगितलं होतं, दोन माणसं लागतात हे मला ठाऊक होतं आणि मी बाहेर गेलो. त्याची एक प्रत त्या हॉस्पिटलच्या फायलीत. दुसरी करजणला, मंजुलाबेनच्या हातात, त्यांच्या घरच्या माणसांसमोर मोठ्यानं वाचून.

तो कागद मी अजून दिलेला नाही.